कोलांटी जमते, टर्न जमत नाही

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, चार वर्षांपासून पोहते. २०० मीटर फ्रीस्टाइल ही तिची आवडती रेस. गेल्या महिन्यात संभागाच्या स्पर्धेत ५० मीटरच्या पुलात तिला २:४२ लागले आणि ती चौथी आली. रोज जिथं पोहते तो पूल २५ मीटरचा आहे, तिथं तिची वेळ २:४१ आहे. मधल्या पाण्यात ती सगळ्यांच्या बरोबरीनं असते, पण भिंतीपाशी गेली की शेजारच्या लेनमधली मुलगी अंगभर पुढे निघून जाते. हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, तर एकदा पाय भिंतीला लागलेच नाहीत, मागं येऊन भिंत शिवावी लागली. सर म्हणतात, "टर्न फास्ट घे," म्हणजे भिंतीपाशी कोलांटी मारून वळणं लवकर कर. म्हणून ती रोज पुलाच्या मध्यात पन्नास कोलांट्या मारते. नाकात पाणी जातं, घरी येईपर्यंत डोकं धरतं. दम वाढावा म्हणून तिचे बाबा तिला श्वास रोखून पूर्ण लांबी पाण्याखालून काढायला लावतात. सासूबाई म्हणतात, एखाद्या दिवशी डोकं आपटेल, बंद करा हे. वेगळं कोचिंग लावू का? नाकाची क्लिप स्पर्धेत चालते का? घरी करण्यासारखा काही व्यायाम आहे का?
एक आई

उत्तर:

ताई, बाकीचं नंतर बोलू. ते श्वास रोखून लांबी काढणं आधी बंद करा, आजपासून.

बाबांचा हेतू चांगला आहे, पण हा प्रकार जिवावरचा आहे. पाण्याखाली जाण्याआधी मुलं पाच-सहा श्वास जोरजोरात घेतात आणि त्यांना वाटतं, छातीत हवा भरून घेतली. प्रत्यक्षात त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. श्वास घ्यावासा वाटतो तो या वायूमुळेच. तो उतरला की शरीर सूचनाच देत नाही, आणि आतला ऑक्सिजन संपला की माणूस पाण्याखाली गुपचूप बेशुद्ध होतो. हातपाय झाडत नाही, ओरडत नाही. काठावर उभा असलेला माणूस मात्र म्हणत असतो, वा, काय दम आहे! हे नवशिक्यांचं कमी आणि चांगल्या पोहणाऱ्यांचं जास्त होतं, कारण जिद्द त्यांच्यातच असते. शिवाय तुमच्या मुलीला एका टर्नला पाण्याखाली राहायचंय ते तीन-चार सेकंद. त्यासाठी पूर्ण लांबीचा दम कशाला हवा?

आता टर्न.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: २:४१ आणि २:४२. पन्नासच्या पुलात २०० मीटरला तीन टर्न, पंचविसाच्या पुलात सात. म्हणजे घरच्या पुलात तिला चार भिंती जास्त मिळतात आणि त्या चौघी मिळून तिला देतात एक सेकंद. हे फारच थोडं झालं. हाँगकाँगची शिवॉन हॉही बघा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ च्या उन्हाळ्यात, तिनं ५० मीटरच्या पुलात याच रेसमध्ये १:५३.९२ वेळ देऊन रौप्यपदक घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात अबू धाबीला २५ मीटरच्या पुलात ती १:५०.३१ पोहली, आणि तो तेव्हाचा जागतिक विक्रम ठरला. बाई तीच, वर्ष तेच, फरक साडेतीन सेकंदांहून जास्त. हे सेकंद कुठून आले म्हणता? बहुतेक त्या चार जादा भिंतींतून.

भिंत देते कशी, तेही सांगते. तुमची मुलगी २०० मीटरला २:४२ घेते म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वा मीटर जाते. पायांनी भिंतीला नीट रेटा दिला तर तीच मुलगी याच्या दीडपट-दुप्पट वेगानं सुटू शकते. अख्ख्या रेसमध्ये याहून जास्त वेग फक्त सुरुवातीच्या चौथऱ्यावरून (ब्लॉकवरून) सूर मारताना मिळतो, बाकी कुठंच नाही. पाण्याला धरायला काही नसतं, भिंतीला असतं. आता ज्याला हा फुकटचा वेग घेता येतो तो पुढं जातो. ज्याला येत नाही, त्याला भिंत म्हणजे नुसता अडथळा. तुमच्या मुलीची भिंत सध्या दुसऱ्या प्रकारची आहे.

आणि हे कोलांटीमुळे झालेलं नाही. रोज पन्नास कोलांट्या मारणाऱ्या मुलीची कोलांटी वाईट असूच शकत नाही. ती पुलाच्या मध्यात मारते ना? मध्यात भिंत नसते. मग शिकली काय, तर भिंत नसताना फिरायला.

उद्या सकाळी एक करा. लांबीच्या टोकाला उभ्या राहू नका. भिंतीपासून पाच मीटर अलीकडे, पुलाच्या बाजूला उकिडव्या बसा आणि तिचे शेवटचे तीन हात बघा. माझा अंदाज सांगते: शेवटून तिसऱ्या हाताला ती श्वास घेईल, दुसऱ्याला मान किंचित वर करून भिंत किती लांब आहे ते बघेल, आणि शेवटचा हात आखूड पडेल. अंधारात जिन्याची शेवटची पायरी पायानं चाचपावी, तसा. मान वर गेली की कंबर खाली जाते, कंबर खाली गेली की अंगाचं फळकूट तिरकं होऊन पाणी अडवतं, आणि वेग तिथंच मरतो. मग ती कोलांटी मारते. पण कोलांटीला लागणारं इंधन तो पुढे जायचा वेगच असतो. तोच उलटून गिरकी होतो. वेग नसेल तर हातांनी पाणी ओढून-ओढून स्वतःला फिरवावं लागतं. "फास्ट घे" म्हणून फास्ट होत नाही ते यामुळे. सर चुकीचं बोलत नाहीत, पण फास्ट व्हायचंय ते तीन हात आधी.

ती असं का करते, याचाही मला अंदाज आहे, आणि त्यात तिचा दोष नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात, एप्रिल-मे-जूनमध्ये, सकाळच्या बॅचला पुलात काय असतं ते तुम्ही बघताच. प्रत्येक लेनच्या टोकाला चार काका भिंतीला पाठ टेकून उभे, आज पोहे कुठे खायचे यावर चर्चा चालू. मध्ये एखादा मुलगा ट्यूब घेऊन लटकलेला. अशा ठिकाणी कोलांटी मारून कुणाच्या पोटात पाय घालायचे? मुलगी शहाणी असते, ती हळू होते, कुठं जागा आहे ते बघते, हातानं भिंत शिवते आणि वळते. दोन किलोमीटर पोहली तर पंचविसाच्या पुलात ऐंशी लांब्या, म्हणजे एकोणऐंशी वेळा भिंत येते. मधले थांबे वजा केले तरी साठ-सत्तर वेळा ती भिंतीपाशी बिचकून जाण्याचा सराव करते. मग पन्नास कोलांट्यांनी काय होणार?

मी इथल्या नेहरू पार्कातल्या पुलात शिकले. माझे आजोबा त्याला शेवटपर्यंत बिस्को पार्कच म्हणायचे. आमच्या वेळी गर्दी कमी होती, पण मला भिंतीची वेगळी भीती होती. एका स्पर्धेत, पुलाचं नाव नको, भिंतीच्या वर पाणी वाहून जायची जी पन्हळ असते तिची कड तुटलेली होती. मी भिंतीच्या फार जवळ गेल्यावर कोलांटी मारली. पाय भिंतीवर यायचे ते वर आले आणि डावी टाच त्या फरशीच्या कडेवर बसली. तीन टाके. टाच आठवड्यात भरली, पण पुढचं दीड वर्ष मी भिंतीआधी दोन हात कमी मारायची आणि लांबूनच फिरायची. पाय सरळ ताणून अंगठ्यांनी भिंत शिवायची, रेटा शून्य. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. एका मैत्रिणीनं वरून बघून सांगितलं, "तू भिंतीला नमस्कार करून परत येतेस." तुमच्या मुलीचे हीटमध्ये पाय लागले नाहीत, ते याच जातीचं आहे. घाईनं नाही, धास्तीनं. आणि हो, तिनं मागं येऊन भिंत शिवली ते अगदी बरोबर केलं. फ्रीस्टाइलमध्ये प्रत्येक टर्नला अंगाचा कुठला तरी भाग भिंतीला लागावाच लागतो, नाहीतर बाद. त्या गडबडीत तेवढं भान राहिलं, याबद्दल तिला शाबासकी दिलीत की नाही?

इथून पुढचं तिलाच वाचायला द्या.

बाळा, तळाशी जी काळी रेघ असते ना, ती भिंतीपर्यंत जात नाही. भिंतीच्या दोन मीटर आधी थांबते आणि तिला एक आडवी रेघ असते, इंग्रजी टी सारखी. ती टी तुझ्यासाठीच काढलेली आहे, तुला मान वर करून भिंत बघावी लागू नये म्हणून. नजर तळावर ठेव. टी दिसली की भिंत कुठं आहे ते तुला कळलं. आता फक्त एक शोधायचं: टीवरून डोकं गेल्यावर तुझे किती हात बसतात? बहुतेकांचा एक बसतो. तुझा दीड असेल, एक असेल, टीच्या जरा आधीपासून मोजावं लागेल, ते तुझ्या उंचीवर आणि वेगावर आहे. दहा वेळा पूर्ण वेगानं जा आणि पाय कुठं लागतात ते बघ. गुडघे पोटात घुसले तर उशीर झाला. पाय जवळजवळ सरळ राहिले तर घाई झाली. खुर्चीत बसल्यावर गुडघे वाकतात तेवढे, किंवा त्याहून जरा सैल वाकले तर जागा बरोबर. हे पूर्ण वेगानंच करायचं. हळू जाऊन सापडलेली जागा रेसमध्ये कामाची नाही, कारण वेगात तू जास्त वाहत जातेस.

आणि तू अजून वाढतेस. दोन-तीन महिन्यांनी उंची बदलली की ही जागा सरकते. टर्न अचानक बिघडला असं वाटलं तर घाबरू नकोस, पुन्हा मोज.

शेवटचा श्वास टीच्या आधी. टीनंतर श्वास नाही.

आता फिरणं. तुझा एक हात आधीच मांडीपाशी येऊन थांबलेला असतो, दुसरा ओढून तोही मांडीपाशी येतो. दोन्ही तळवे तळाकडे. हनुवटी छातीला लाव आणि दोन्ही पायांनी मिळून एक छोटी डॉल्फिन किक मार. ती किक पुढं जायला नाही, कंबर वर उचलायला आहे. गुडघे छातीशी, टाचा बुडाशी. गाठोडं जेवढं लहान तेवढी गिरकी जलद, झोपाळ्यावर गोल फिरताना पाय आत घेतल्यावर होतं तसं. आणि हातांची गंमत अशी की ते फारसे हलवायचेच नाहीत. तू भिंतीकडे जात असताना तुझे हात मागच्या टोकाकडे रोखलेले असतात. अंग उलटतं, हात तिथंच राहतात. पाय भिंतीवर येईपर्यंत तेच हात आपोआप डोक्याच्या वर, जिकडे जायचंय तिकडे रोखलेले असतात. तळव्यांनी थोडं पाणी डोक्याकडे ढकललंस की गिरकीला मदत होते, तेवढं पुरे. बरीच मुलं इथं हात पंख्यासारखे फिरवतात आणि भिंतीवर पाय टेकल्यावर मग हात जमवत बसतात. तो वेळ गेला.

फिरता-फिरता पिळू नकोस. सरळ कोलांटी, पाय भिंतीवर, पायाची बोटं वर आकाशाकडे, तू पाठीवर. तशीच रेटा दे. कूस बदलायची ती सुटल्यावर, जाता-जाता. भिंतीवरच पोटावर व्हायचा प्रयत्न केलास तर रेटा तिरका जातो आणि तू लेनच्या दोरीत जाऊन अडकतेस. पाय कुठं टेकायचे? चांगल्या पुलात भिंतीवर काळी फुली असते. तिचा मध्य पाण्याखाली साधारण ३० सेंटीमीटरवर असतो, त्याच्या आसपास. फार वर टेकलास तर पाय निसटतो, फार खाली टेकलास तर तू वर आकाशाकडे सुटतेस.

नाकात पाणी जाणं. तू श्वास रोखून फिरतेस, म्हणून जातं. आत दाब नसला की पाणी नाकात शिरणारच, तू उलटी असतेस ना. शाळेत योगाला भ्रामरी करून घेतात ना, ओठ मिटून म्म्म, भुंग्यासारखं? तोच म्म्म फिरताना नाकातून सुरू ठेव, हनुवटी छातीला लागल्यापासून पाय टेकेपर्यंत. जोरात फूं करून सगळी हवा सोडू नकोस, नाहीतर भिंतीवरून सुटताच हवेसाठी जीव कासावीस होतो आणि तू पहिल्याच हाताला तोंड वर काढतेस. बारीक, गुणगुणल्यासारखं. आधी उभ्यानं पाण्यात डोकं घालून कर, मग कोलांटीत. दोन दिवसांत जमतं.

आणि आता ते, जिथं शेजारची मुलगी तुला टाकते. ती कोलांटीत पुढं जात नाही. ती सुटल्यावर पुढं जाते. रेटा दिल्यावर तू काय करतेस ते मी न बघता सांगू? लगेच पाय मारायला लागतेस, लगेच वर येतेस, पहिल्याच हाताला श्वास घेतेस. भिंतीनं दिलेला वेग तू पृष्ठभागावरच्या लाटेत घालवतेस. पाण्याचा वरचा थर सगळ्यात अडवतो, कारण तिथं तुझा वेग लाट उठवण्यात खर्च होतो. अर्धा मीटर खाली ती लाट फारशी उठत नाही. म्हणून रेटा आडवा, सरळ समोर. एका तळहातावर दुसरा, वरच्या हाताचा अंगठा खालच्याला अडकवलेला, दंड कानांच्या मागं, पोट आत. बाण. या बाणाचा वेग तुझ्या पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त असेपर्यंत काही करू नकोस, कारण त्या वेगात पाय हलवलेस तर उलट ब्रेक लागतो. वेग उतरतोय असं वाटलं की किक. दोन, तीन, चार, जेवढ्या तुला पेलतात तेवढ्या. मग पहिला हात, तोही खालच्या बाजूचा, म्हणजे तू कुशीवर असशील तर तळाकडचा. मान तशीच. श्वास दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताला.

हे पहिल्या दिवशी छळ वाटेल. टर्नच्या आधी श्वास नाही, नंतर श्वास नाही, वाटेल जीव जातो. जात नाही. पण रेसच्या शेवटच्या टर्नला खरंच हवा कमी पडली तर घे श्वास. तुझ्या वयाला दोनशेच्या तिसऱ्या टर्नला एक श्वास चोरला म्हणून कुणी रागावत नाही, निदान मी तरी नाही.

बस, तिचं झालं. आता परत तुमच्याकडे.

मध्यातल्या पन्नास कोलांट्या बंद. त्याऐवजी बॅच सुरू होतानाची पहिली पंधरा मिनिटं सरांकडून भिंतीसाठी मागून घ्या. शेवटची नाही. शेवटी अंग थकलेलं असतं आणि थकलेलं अंग जुनीच सवय काढतं. सहाला बॅच असेल तर पावणेसहाला पोचा, काका लोक तेव्हा कपडेच बदलत असतात. पहिला आठवडा कोलांटीच नको. नुसता भिंतीवरून रेटा, बाण, पाय न मारता, जिथं थांबेल तिथं थांबू द्या. काठावर खडूनं खूण करा. दुसऱ्या दिवशी खूण पुढं गेली की नाही ते बघा. मुलांना हा खेळ आवडतो, आणि बहुतेकींना दोन दिवसांत कळतं की हात कानामागं घट्ट धरले तर खूण हातभर पुढं जाते. मग दुसऱ्या आठवड्यात टीच्या आधीपासून पूर्ण वेग, कोलांटी, पाय टेकवून तिथंच थांबायचं. पाय कुठं आलेत, गुडघे किती वाकलेत, बघायचं, हसायचं, परत. रेटा नाही. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही जोडा. आणि त्यानंतर एक नियम: सरावाच्या लांब्यांत भिंत मोकळी असेल तेव्हा प्रत्येक टर्न रेसचा. गर्दी असेल तर सरळ थांबून काकांना म्हणा, काका, जरा सरका. आपल्या इंदुरात लोक सरकतात, भिया म्हणून विचारलं तर लवकर सरकतात.

तुमच्या पुलाला टीच नसेल तर? जुन्या पुलांना नसते. सरांना विचारून भिंतीपासून दोन मीटरवर तळाशी एखादी गडद रबरी पट्टी ठेवा, ती चालते.

बाबांनाही काम देते, श्वास मोजण्यापेक्षा बरं. भिंतीपासून पाच मीटरवर पुलावरून झेंड्यांची दोरी असते. ती बॅकस्ट्रोकवाल्यांसाठी, म्हणजे पाठीवर पोहणाऱ्यांसाठी, पण आपल्याला वेळ मोजायला छान. नसेल तर जुन्या ओढणीच्या पट्ट्या सुतळीला बांधा आणि दोन खुर्च्यांना ताणा, किंवा काठावर नुसती खूण करा. मुलीचं डोकं झेंड्यांखालून भिंतीकडे गेलं की घड्याळ सुरू, परत येताना डोकं त्याच झेंड्यांखालून गेलं की बंद. जाऊन-येऊन दहा मीटर. मग त्याच लांबीत पुलाच्या मधल्या दहा मीटरचा वेळ घ्या, तिथं ती नुसती पोहत असते. सव्वा मीटरच्या वेगानं तिथं आठ सेकंदांच्या आसपास येईल. टर्नचे दहा मीटर त्याहून कमी यायला हवेत, चांगले कमी. सध्या ते तेवढेच किंवा जास्त येतील, असा माझा कयास आहे. हाताच्या घड्याळात दोन-तीन दशांशांची चूक होतेच, म्हणून पाच वेळा घेऊन मधली धरा. आणि व्हिडिओ काढायचा असेल तर टोकाला उभं राहून नाही, बाजूनं, झेंड्यांपाशी बसून.

क्लिप: चालते, नियमात आहे, बॅकस्ट्रोकवाले वापरतातही. डोकं फार धरत असेल तर महिनाभर लावा. पण म्म्म शिकू द्या, रेसमध्ये क्लिप निसटली तर तिची धांदल उडायला नको. कान दुखणं किंवा गरगरणं पोहून आल्यावरही राहत असेल तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, ते टर्नचं नाही.

सासूबाईंना सांगा, त्यांची भीती खोटी नाही, पण जागा चुकली आहे. फ्रीस्टाइलच्या टर्नला डोकं भिंतीपासून चांगलं लांब असतानाच खाली जातं. लागलंच तर टाचेला लागतं, माझ्यासारखं. डोकं आपटतं ते उथळ टोकाला सूर मारताना. टर्नच्या टोकाला पाणी निदान छातीपर्यंत आहे ना, पन्हळीची कड तुटकी नाही ना, भिंत शेवाळून गुळगुळीत झालेली नाही ना, हे एकदा स्वतः हात फिरवून बघा आणि त्यांनाही घेऊन जा.

वेगळं कोचिंग लावू नका. तेवढे पैसे चांगल्या गॉगलला लावा. तळावरची रेघ धूसर दिसली तर मी वर लिहिलेलं सगळं वाया. घरी व्यायाम एकच: पाठ, डोकं आणि टाचा भिंतीला टेकवून उभं राहायचं, हात वर बाणासारखे, मनगटं भिंतीला लागली पाहिजेत आणि कंबर भिंतीपासून सुटता कामा नये. दात घासण्याआधी तीस सेकंद. पहिल्या आठवड्यात बहुतेकींची मनगटं लागत नाहीत. त्याबरोबर हव्या तर दहा बैठका, वर उडी मारून. एवढंच.

इंदूरचं कुणी डोळ्यांपुढं हवं असेल तर आपला अद्वैत पागे आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत १५०० मीटर फ्रीस्टाइलची फायनल पोहला. पन्नासच्या पुलात त्या एका रेसमध्ये एकोणतीस टर्न असतात. त्याच्या रेसचा व्हिडिओ मिळाला तर मुलीला म्हणावं, हात बघू नकोस, भिंतीनंतर त्याचं डोकं कुठं वर येतं तेवढंच मोज, आणि अठ्ठाविसाव्या टर्नलाही तिथंच येतं का ते बघ.

सहा आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. मोठं पत्र नको, दोनच आकडे: झेंड्यांपासून झेंड्यांपर्यंतची वेळ आणि पुलाच्या मधल्या दहा मीटरची. बाबांनी मोजलेली चालेल.